रस्त्यावर राहून गेलेल्या माणसांची आठवण वस्तीने कशी ठेवावी?

प्रश्न : वाचनकक्ष

नमस्कार. मी एका सार्वजनिक वाचनालयात स्वयंसेवक म्हणून काम करते. आमच्या वाचनालयाच्या पडवीत साधारण सहा वर्षे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. दिवसा ते वाचनकक्षात बसून वर्तमानपत्रे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि दार बंद झाले की बाहेर अंथरूण घालत. त्यांचे नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत, कारण आम्ही सूचनाफलकावर लावलेल्या कागदांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ते पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, सुधारून ठेवत असत. ते खरोखर शिक्षक होते, मुद्रितशोधक होते की आणखी कोणी, हे आम्ही त्यांना एकदाही विचारले नाही. ते बोलके नव्हते हे खरे, पण सहा वर्षांत विचारण्याची एकही संधी मिळाली नाही, असे मी स्वतःला सांगू शकत नाही.

दोन महिन्यांपूर्वी ते दिसेनासे झाले. कुठल्यातरी निवारा केंद्रात गेले असतील, असे आम्ही धरून चाललो. सतरा दिवसांनी, पडवीच्या दुसऱ्या टोकाला झोपणाऱ्या एका बाईंकडून कळले की त्यांना रात्री रुग्णवाहिकेतून नेले होते आणि ते परत आले नाहीत. आम्ही चौकशीला गेलो तोपर्यंत सगळे सोपस्कार होऊन गेले होते. मागे राहिली ती एक पिशवी. तीत दोन सदरे, एक चष्मा आणि टोक करून ठेवलेल्या चार पेन्सिली होत्या.

त्यानंतर आम्ही एकेकाला आठवू लागलो, तेव्हा लक्षात आले की गेल्या काही वर्षांत या परिसरातून अशी आणखी चार-पाच माणसे गेली आहेत आणि त्यांच्यापैकी एकाचीही नोंद कोणाकडे नाही. म्हणून वर्षातील एक दिवस त्यांच्या स्मरणासाठी ठेवावा, असा विचार आम्ही दहा-बारा जण करत आहोत. मात्र काही गोष्टी ठरवता येत नाहीत. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याची आठवण कोणत्या नावाने काढायची? ज्यांची नावे ठाऊक आहेत ती जाहीरपणे वाचण्याचा आपल्याला अधिकार आहे का? नातेवाईक सापडले नाहीत तर परवानगी कोणाची घ्यायची? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा की, जिवंतपणी ज्यांच्याकडे आम्ही धड पाहिले नाही त्यांच्यासाठी आता मेणबत्त्या लावणे हे केवळ आमच्याच मनाच्या समाधानासाठी तर होणार नाही ना? ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


प्रतिसाद १ : पायवाट

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. मी गेली नऊ वर्षे अशा एका वार्षिक स्मृतिसभेच्या तयारीत असतो. पहिल्या वर्षी आम्ही भाषणे ठेवली होती. तीन वक्ते बोलले, तिघेही कळकळीने बोलले, आणि मृतांच्या शेजारी रोज अंथरूण घालणारी माणसे मात्र मागे भिंतीला टेकून उभी राहिली व सभा संपण्यापूर्वीच निघून गेली. त्यांच्यापैकी एकाने मला नंतर सांगितले, "तुम्ही प्रश्नावर बोललात, त्याच्याबद्दल कोणीच बोललं नाही." दुसऱ्या वर्षापासून आमच्याकडे भाषण नसते. नाव वाचले जाते, थोडा वेळ शांतता पाळली जाते आणि त्या व्यक्तीविषयी ज्याला काही सांगायचे असेल तो जागेवरूनच सांगतो. कोणी दोन वाक्ये बोलतो, कोणी नुसता उभा राहून खाली बसतो, आणि एकदा एकाने, आपण उसने दिलेले कांबळे परत न करताच तो गेला, अशी तक्रारही केली. आम्ही तीही ऐकून घेतली, कारण ज्याच्यावर रागावता येते तो माणूस आपल्या ओळखीचा असतो.

तेव्हा सभा कोणासाठी होते आहे, हे तिथे कोण जमले आहे यावरून ओळखावे. रस्त्यावर किंवा निवाऱ्यात राहणारी माणसे जमलेल्यांत निम्मी तरी नसतील, तर आखणीत काहीतरी चुकले असे मी समजतो. पुष्कळदा ती चूक अगदी साधी असते. रात्रनिवाऱ्यात प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि ती टळली की त्या रात्रीची जागा जाते. म्हणून संध्याकाळी उशिराची सभा ही त्यांच्यापैकी अनेकांना अप्रत्यक्षपणे येऊ नका असे सांगणारी सभा असते. त्यांचे सगळे सामान त्यांच्यासोबत असते, ते डोळ्यांसमोर ठेवता येईल अशी जागा लागते. दार उघडे असावे, मधूनच उठून जाता यावे, आणि दारात कोणी नाव-पत्ता लिहून घेऊ नये.

दिवसाविषयी. अमेरिकेत 'नॅशनल कोअॅलिशन फॉर द होमलेस' या संस्थेने १९९० पासून २१ डिसेंबरच्या सुमारास बेघर मृतांचा स्मरणदिन पाळण्याची प्रथा सुरू केली आणि आता तिथल्या अनेक शहरांत तो पाळला जातो. उत्तर गोलार्धातील वर्षातली सर्वांत मोठी रात्र त्या सुमारास येते. जो उघड्यावर रात्र काढतो त्याला रात्रीची लांबी आपल्यापेक्षा फार निराळी कळत असते, म्हणून ही निवड मला नेहमीच समर्पक वाटली आहे. कॅनडातील टोरांटो शहरात मात्र वर्षातून एकदा भेटणे पुरेसे मानलेले नाही. तिथे 'चर्च ऑफ द होली ट्रिनिटी'च्या दाराशी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लोक जमतात आणि मागील महिन्यात कळलेली नावे स्मृतिफलकाच्या यादीत घालतात. ती यादी आता हजाराच्या वर गेली आहे. ज्यांची ओळख पटलेली नाही त्यांच्यासाठी तिथे 'जॉन डो' किंवा 'जेन डो' असे लिहितात. इंग्रजीत अनोळखी पुरुषाला आणि स्त्रीला देण्याची ती ठरलेली नावे आहेत. या बाबतीत तुमची स्थिती पुष्कळ बरी आहे, कारण तुमच्याकडे निदान हाक मारण्याचे नाव आहे. 'मास्तर' हे नाव त्यांनी सहा वर्षे ऐकले आणि त्याला ओ दिली. तेच वाचावे, आणि शेजारी "वाचनालयाच्या पडवीत राहणारे" एवढे जोडावे, म्हणजे ज्याने त्यांना पाहिले होते त्याला ते चटकन ओळखता येतील.

आता यादीविषयी एक गंभीर सूचना. चौथ्या वर्षी आम्ही एका जिवंत माणसाचे नाव वाचले. तो काही महिने दिसला नव्हता, दोघांनी तो गेल्याचे सांगितले होते, आणि त्या दोघांनीही ते एकाच तिसऱ्या व्यक्तीकडून ऐकले होते, हे आम्ही तपासले नाही. तो परतल्यावर त्याला हे कळले. तो माझ्यावर ओरडला नाही. "मी गेलो असं ऐकल्यावर कुणाला काय वाटलं?" एवढेच त्याने विचारले आणि माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हते. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून खात्री झाल्याखेरीज नाव वाचायचे नाही. तोवर ते नाव वहीत पेन्सिलीने लिहून ठेवतो आणि खात्री झाल्यावरच शाईने गिरवतो.


प्रतिसाद २ : नोंदवही

मी मृत्यू नोंदणीच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून मास्तरांचे नाव नेमके कुठे हरवले असेल याविषयी लिहितो. ते सभेपेक्षा रुक्ष आहे, पण उपयोगी पडेल.

रुग्णवाहिकेतून आलेल्या माणसाजवळ ओळखीचे कागद नसतील आणि तो बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर पहिल्याच कागदावर "अनोळखी, पुरुष, अंदाजे वय अमुक" असे लिहिले जाते. तो माणूस गेला की तोच मजकूर पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जातो. पोलिसांकडे छायाचित्र, बोटांचे ठसे, अंगावरील खुणा आणि कपडे यांची नोंद होते, बेपत्ता व्यक्तींच्या यादीशी ती ताडून पाहिली जाते, आणि ठरलेल्या मुदतीत कोणी पुढे आले नाही तर मृतदेहावर दावा करणारे कोणी नाही असे मानून पुढील व्यवस्था केली जाते. आता यात हरवते काय ते पाहा. ज्या कागदावरून किंवा वस्तूवरून ओळख पटली असती ती वस्तू पुष्कळदा मागे राहिलेल्या पिशवीत असते, आणि ज्या माणसाला नाव ठाऊक असते तो त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला असतो. त्याला कोणी विचारत नाही, आणि आपण होऊन सांगायला गेलो तर आपल्यालाच चार प्रश्न विचारले जातील या भीतीने तोही जात नाही. तुमच्या वाचनालयाने एवढे जरी ठरवले की परिसरातील कोणाला रुग्णवाहिकेतून नेले तर त्याच दिवशी कोणीतरी रुग्णालयात जाऊन "आम्ही यांना ओळखतो, आमचा संपर्क लिहून घ्या" असे सांगेल, तर पुढच्या वेळी सतरा दिवस जाणार नाहीत. त्या दिवशी गेलेल्या माणसाला पूर्ण नाव सांगता आले पाहिजे असे नाही. कागदावर 'अनोळखी' या शब्दाशेजारी एक संपर्क क्रमांक लागला, तरी निरोप देण्यासाठी कोणीतरी आहे हे पुढच्या टेबलावरच्या माणसाला कळते.

दुसरी गोष्ट मोजणीची. मृत्यूच्या दाखल्यावर कारण असते, वय असते, पत्ता असतो, पण ही व्यक्ती बेघर होती का, असा रकाना सहसा नसतो. त्यामुळे असे किती मृत्यू झाले हे सांगणे पुष्कळ देशांत अशक्यच असते. ब्रिटनमध्ये 'ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम'च्या पत्रकारांनी स्थानिक संस्थांकडून, निवाऱ्यांकडून आणि परिचितांकडून ऑक्टोबर २०१७ पासूनचा एकेक मृत्यू गोळा करायला सुरुवात केली. पुढे २०१९ मध्ये ते काम 'म्युझियम ऑफ होमलेसनेस' या संस्थेने हाती घेतले. या दरम्यान तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी प्रथमच अधिकृत अंदाज प्रसिद्ध केला. मृत्यू नोंदणीतील 'निश्चित पत्ता नाही' यांसारखे शब्द आणि निवाऱ्यांचे पत्ते शोधून त्यांनी नोंदी वेगळ्या काढल्या आणि जे मृत्यू अशा शोधात निसटले असतील त्यांचा संख्याशास्त्रीय अंदाज त्यांत मिळवला. २०१७ या वर्षासाठी तो आकडा ५९७ आला. २०१८ साठी ७२६ आणि २०१९ साठी ७७८ आला. २०१७ मध्ये मृत्यूसमयीचे सरासरी वय पुरुषांचे ४४ आणि स्त्रियांचे ४२ होते, तर तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येत ते अनुक्रमे ७६ आणि ८१ होते.

हे वय मला आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. तुमचे मास्तर वृद्ध होते, म्हणजे त्यांनी फार थोड्या जणांना जमते ते करून दाखवले होते.

"पायवाट" यांच्या २१ डिसेंबरच्या सूचनेला माझा विरोध नाही, पण त्यामुळे एक गैरसमज पक्का होऊ नये असे वाटते. ही माणसे थंडीने मरतात आणि हिवाळा सरला की धोका टळतो, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात हे मृत्यू वर्षभर होत राहतात. इंग्लंड-वेल्समधील त्या पहिल्या अंदाजात जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू अमली पदार्थांच्या विषबाधेचे होते. मद्यामुळे होणारे विकार आणि आत्महत्या ही पुढची मोठी कारणे होती. हृदयविकार, फुप्फुसांचे आजार, न भरलेल्या जखमा आणि वेळेवर न झालेले उपचार यांना ऋतू नसतो. सभेत कोणाच्याही मृत्यूचे कारण सांगू नये, हे माझे ठाम मत आहे. मात्र यादीत मृत्यूचा महिना अवश्य लिहावा, कारण बारा महिने भरलेली यादी पाहिल्यावर निराळे काही सांगावे लागत नाही.


प्रतिसाद ३ : उत्तररात्र

मी इथे सहसा लिहीत नाही. माझा मोठा भाऊ अकरा वर्षे रस्त्यावर राहिला आणि तिथेच गेला. तो घरातून का गेला ते इथे सांगणार नाही, पण आम्ही त्याला टाकले नव्हते आणि त्यानेही आम्हांला पुरते टाकले नव्हते. दोन-तीन वर्षांतून कधीतरी त्याचा फोन येई आणि तो कुठून करतो आहे ते सांगत नसे.

तो गेल्याचे आम्हांला सात महिन्यांनी कळले. कागदांत त्याच्यासाठी 'बेवारस' हा शब्द वापरला होता. माझ्या आईने तो शब्द स्वतः वाचला. त्याला आई होती, दोन बहिणी होत्या, एक भाचा होता. वारस नव्हते असे नाही, वारस शोधले गेले नव्हते. तुम्ही जे काही लिहाल, सूचना असो, पत्रिका असो वा फलक असो, त्यात कृपया हा शब्द येऊ देऊ नका. 'ओळख पटलेली नाही' किंवा 'नातेवाईकांचा शोध लागलेला नाही' एवढे म्हणता येते, आणि तेच खरे असते.

परवानगीचे म्हणाल तर आमच्याकडून कोणीच घेतली नव्हती, कारण आम्ही आहोत हे कोणाला ठाऊक नव्हते. तो ज्या भागात राहत होता तिथल्या काही लोकांनी त्याच्यासाठी छोटी सभा घेतली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांच्यापैकी एका गृहस्थाने आम्हांला वहीचे एक पान दाखवले. त्यावर त्याचे टोपणनाव होते आणि खाली चार-पाच जणांनी सांगितलेले लिहून घेतले होते. तो बंद पडलेले रेडिओ दुरुस्त करून देत असे, झोपण्यापूर्वी बूट नेहमी जोडीने भिंतीकडे तोंड करून ठेवत असे, आणि एका मुलाला त्याने घड्याळ वाचायला शिकवले होते. बुटांची सवय वाचली आणि आईने त्याला ओळखले. लहानपणी तिनेच त्याला ती लावली होती. त्या पानाची प्रत आमच्या घरी आहे. अकरा वर्षांतले आमच्याकडे तेवढेच आहे.

म्हणून माझी विनंती अशी की मास्तरांविषयी, ते किती सोशीक होते, समाजाने त्यांना कसे नाकारले, असे काही लिहू नका. पेन्सिलीचे लिहा. चष्म्याचे लिहा, ते कोणते वर्तमानपत्र आधी उचलत ते लिहा. उद्या कोणी शोधत आले तर त्याला अशाच गोष्टींवरून ओळख पटेल.

एक सावधगिरी मात्र हवी. सगळी घरे आमच्यासारखी नसतात. काही जण, विशेषतः काही स्त्रिया, मार आणि धाक चुकवण्यासाठी घर सोडतात आणि नाव बदलून राहतात. त्यांचे खरे नाव तुम्हांला ठाऊक असले तरी ते आणि छायाचित्र इंटरनेटवर टाकू नका. सोबतच्या बाईचा, मुलाचा ठावठिकाणा त्यातून कोणाला लागू शकतो. सभेत वाचलेले नाव आणि इंटरनेटवर कायमचे राहणारे नाव यांत फार अंतर आहे.


प्रतिसाद ४ : कोरा कागद

वरील प्रतिसाद वाचल्यावर मी थोडेच जोडतो. आपण सगळे सभेविषयी बोलत आहोत, पण अंत्यविधीच्या वेळी कोणी उपस्थित असणे हेही स्मरणाचेच काम आहे, आणि काही ठिकाणी ते नेमाने केले जाते. पॅरिसमध्ये २००२ साली स्थापन झालेली 'ले मोर द ला र्यू' ही संघटना, म्हणजे शब्दशः 'रस्त्यावरचे मृत', रस्त्यावर राहून गेलेल्यांची यादी ठेवते आणि दरवर्षी त्यांना जाहीर अभिवादन करते. त्याशिवाय ज्यांच्यामागे कोणी आलेले नाही अशांच्या दफनाला तिचे स्वयंसेवक सोबत जातात. मृताला त्यांनी कधी पाहिलेले नसते. तरीही ते थांबतात, नाव उच्चारतात, काही ओळी वाचतात. नेदरलँड्समध्ये हेच काम कवींनी अंगावर घेतले. ग्रोनिंगन शहरात बार्ट एफ. एम. ड्रूग यांनी सुरुवात केली आणि पुढे ॲम्स्टरडॅममध्ये एफ. स्टारिक यांनी ती परंपरा चालवली. एकाकी मरण आलेल्या व्यक्तीविषयी, मग ती बेघर असो वा बंद खोलीत राहणारी असो, मिळेल तेवढी माहिती कवीला दिली जाते, आणि तो फक्त त्या एका व्यक्तीसाठी कविता लिहून दफनाच्या वेळी वाचतो. ऐकायला पुष्कळदा शववाहक आणि पालिकेचे कर्मचारी एवढेच असतात.

याच्या उलट टोकाला लॉस एंजेलिसची व्यवस्था आहे. तिथे ज्यांच्या अस्थी न्यायला कोणी आले नाही त्यांच्या अस्थी सुमारे तीन वर्षे जपून ठेवतात आणि नंतर दरवर्षी डिसेंबरमध्ये हजाराहून अधिक जणांच्या अस्थी एकाच खड्ड्यात पुरतात. वर जी पाटी बसवतात तिच्यावर केवळ वर्ष कोरलेले असते. त्या दिवशी निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात, सामान्य नागरिक मोठ्या संख्येने येतात, आणि ते सगळे मनापासून चालते यात मला शंका नाही. पण "उत्तररात्र" यांच्या आईंना ती पाटी दाखवली असती तर त्यांना काय कळले असते, हा विचार मनातून जात नाही. सिॲटलमध्ये काही स्त्रियांनी त्यावर फार चांगला मार्ग काढला आहे. या स्त्रिया काळी वस्त्रे नेसून मृतांसाठी मूकपणे उभ्या राहतात, आणि त्यांच्याच प्रयत्नांतून तिथल्या पदपथांत ब्राँझची पाने बसवली गेली आहेत. प्रत्येक पानावर एका बेघर मृताचे नाव आहे, त्यामुळे जिथे तो माणूस चालत होता तिथे चालणाऱ्याच्या नजरेला ते पडते.

तुम्हांला ब्राँझ नको आणि कवीही नको. एक वही पुरे. वाचनालयात ती कोणालाही उघडता येईल अशा ठिकाणी ठेवावी, कपाटात कुलूपबंद करू नये, आणि लिहिता न येणाऱ्यांचे सांगणे जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत, कोणीतरी उतरवून घ्यावे. भाषा सुधारू नये.


वाचनकक्ष (प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद)

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. "उत्तररात्र", तुमचे लिहिणे मी आमच्या गटाला वाचून दाखवले. नंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मी पडवीतल्या त्या बाईंजवळ जाऊन बसले. हे दोन महिन्यांपूर्वीच करायला हवे होते.

मास्तरांचे नाव त्यांना ठाऊक आहे. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. पोलिसांना का सांगितले नाही असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या, "मला कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी कुठं लिहू नको म्हणून सांगितलं होतं." ते शिक्षक नव्हते. एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे होते, छापखाना बंद पडल्यावर त्यांचे काम गेले, आणि पुढचे त्यांनी बाईंनाही कधी सांगितले नाही. बाईंना अक्षरओळख नव्हती. गेल्या वर्षापासून ते त्यांना जुन्या वर्तमानपत्रांतले मथळे बोट ठेवून वाचायला शिकवत होते. त्या आता सावकाश का होईना, मथळा वाचतात. मला त्यांनी एक वाचून दाखवला.

नावाविषयी आम्ही असे ठरवले आहे. बाई सभेत त्यांचे नाव स्वतः मोठ्याने उच्चारतील. ते कोणी लिहून घेणार नाही आणि कोणी ध्वनिमुद्रण करणार नाही. वहीत 'मास्तर' एवढेच राहील. गटातील दोघांना हे पटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की नाव लिहिले नाही तर शोधत येणाऱ्या नातेवाइकाला ते कसे सापडणार. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही, पण मास्तरांनी स्वतः सांगून ठेवलेली गोष्ट मोडण्याचा अधिकार आम्हांला आहे असेही वाटत नाही. कोणी शोधत आलेच, तर त्याला आधी बाईंशी बोलायला सांगायचे आणि नाव सांगायचे की नाही ते बाईंवर सोडायचे, इथवर आमचे एकमत झाले आहे.

सभा दुपारी चार वाजता वाचनकक्षातच होईल, म्हणजे ज्यांना निवाऱ्यात जायचे आहे त्यांना वेळेत पोहोचता येईल. सामान ठेवण्यासाठी भिंतीलगतची बाके रिकामी करत आहोत. दिवस २१ डिसेंबर न ठेवता मास्तरांना ज्या रात्री नेले ती तारीख धरावी, असे बाईंनी सुचवले आणि ते सर्वांना मान्य झाले. रुग्णालयात जाण्यासाठी आमच्यापैकी चौघांची नावे आणि क्रमांक वाचनालयाच्या दाराशी लावले आहेत.

वहीही सुरू झाली आहे. "पायवाट" यांच्या नियमाप्रमाणे खात्री होईपर्यंत नोंद पेन्सिलीने करतो, आणि पिशवीतल्या चार पेन्सिली त्याच कामासाठी वहीजवळ ठेवल्या आहेत. आजवर सहा नोंदी झाल्या. त्यांतल्या दोन शाईने गिरवल्या आहेत, चौघांची चौकशी अजून चालू आहे.